गळ्यात फ्यूज बांधणारे लखूनाना

गेल्या वर्षीची वसुबारस. तलावाच्या पश्चिम काठावरील केबली खांबांवर घ्याव्यात असा अर्ज पोहोचलेला असल्याने, वीज उपकेंद्राच्या कनिष्ठ अभियंत्यांनी त्या दिवशी पाहणीस येण्याचे कबूल केले होते. ते आले नाहीत. जबाबदार : कनिष्ठ अभियंता.

त्रिपुरी पौर्णिमा. रब्बीचे आवर्तन सुटणार असल्याने तलावावरील उपसा मोटारींचा वीजपुरवठा बंद राहील, असे ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगण्यात आले. पुरवठा बंद झाला नाही. जबाबदार : घोषणा करावयास सांगणारे, आणि बंद न करणारे. हे दोघे एकच की वेगळे, हे मला आजतागायत कोणी सांगितलेले नाही.

पौर्णिमेचा दुसरा दिवस. पाटबंधारे शाखेच्या माणसांनी मोटारींच्या पेट्यांना लाखेच्या मोहोरा लावल्या. तार जिवंत आहे की मेलेली, हे एकानेही पाहिले नाही. जबाबदार : शाखाधिकारी.

कार्तिक वद्य चतुर्थी, सकाळ. लक्ष्मण ऊर्फ लखूनाना, धंदा मासेमारी, विजेच्या धक्क्याने मयत. जबाबदार : वरील सर्व, आणि काठावरील एक शेतकरी. त्या शेतकऱ्याने आपली कसूर त्याच दिवशी कबूल केली. बाकी कोणीही केलेली नाही.

दिवाणी न्यायालयात नाझर म्हणून नोकरी केलेल्या माणसाला घटनाक्रम आधी आणि माणूस नंतर मांडण्याची खोड लागते. ती आता या वयात सुटणे नाही. परंतु वरील घटनाक्रमात नाना केवळ मयत म्हणून येतात, आणि ते मला मान्य नाही. मयत होण्यापूर्वी ते पुष्कळ काही होते. सर्वांत आधी, ते भित्रे होते. श्रीगोंदे तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांच्याइतका भित्रा माणूस दुसरा नव्हता. आणि ज्या पाण्याला ते भीत, त्याच पाण्यावर त्यांचे पोट होते.

उंच, किंचित पुढे झुकलेला देह. दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत डोक्यावर तपकिरी कानटोपी, पण तिचे कान कायम वर गुंडाळलेले, कारण ऐकू आले पाहिजे. चालताना मध्येच थांबून मान तिरकी करीत. आणि कोणत्याही वस्तूला प्रथम स्पर्श करीत तो हाताच्या पालथ्या बाजूने. माझ्या घराचे लोखंडी फाटक उघडण्यापूर्वी ते बोटांची पाठ त्याला अलगद लावीत, क्षणभर थांबत, मगच कडी काढीत. पितळी तांब्या, बँकेच्या दाराची मूठ, एसटीचा दांडा, सगळ्यांना हाच न्याय. आमच्याकडे नवा फ्रिज आला तेव्हा सौभाग्यवतींनी कौतुकाने त्यांना तो दाखवला. नानांनी त्याला हाताची पाठ लावली, मागे सरकले आणि म्हणाले, "चांगला हाय. पन ह्याला भिंतीपासनं वाईच लांब ठिवा. आन वल्या हातानं उघडू नगा, वैनी."

मी कारण विचारले. त्यांनी शांतपणे उत्तर दिले, "तळहातानं धरलं आन करंट आसला, तर मूठ मिटती साहेब. मिटली की आपली ऱ्हात न्हाई. पालथा हात लागला तर झटकून तरी पडतो."

गावाला ही खोड म्हणजे करमणूक होती. पारावर कोणीतरी हमखास विचारी, "काय नाना, म्हातारीला बी पालथ्या हातानंच शिवत हुता काय?"

"व्हय," नाना म्हणत. "म्हनून तर शेवटपतूर टिकली. तुजी दोनदा म्हायेरी गेली."

दिवाळीनंतरचा तलाव मी नानांमुळे पाहिला. तोवर मी तो केवळ बांधावरून फिरताना डोळ्यांखालून घातला होता. परतीचा पाऊस थांबला की गढूळ पाणी हळूहळू निवळते. "आता पान्याला डोळं आलं," नाना म्हणत. म्हणजे पाणी इतके नितळ झाले की माशाला जाळे दिसते. जाड दोऱ्याची जाळी गुंडाळून ठेवायची आणि बारीक नायलॉनच्या तंगुसाची बाहेर काढायची. थंडी वाढली की मासा जड होतो, फिरणे कमी करतो, उथळ भाग सोडून खोलात उतरतो. तलाव होण्यापूर्वी येथून एक ओढा वाहत होता. त्याची घळ आणि तिच्या काठच्या बाभळी पाण्याखाली अजून आहेत. रोहू आणि मृगळ त्या घळीत गोळा होतात. दुपारी ऊन तापले की चिलापी थोडा वेळ काठाशी ऊब घ्यायला येते, तेवढ्यात कणकेचा गोळा लावून गळ टाकता येतो. परंतु खरी कमाई घळीतली. सायंकाळी तराफ्यावरून जाऊन घळीच्या कडेने जाळे सोडायचे आणि सकाळी धुके विरळ झाल्यावर ओढून घ्यायचे. तराफा म्हणजे थर्माकोलचे ठोकळे ताडपत्रीत शिवलेले; वल्हे म्हणजे हातात मावेल अशी लाकडी थापी.

नेमक्या याच दिवसांत पाणी मागे सरते. पाणी सरले की शेतकऱ्याची मोटार त्याच्या मागे जाते, मोटारीच्या मागे केबल जाते, आणि केबल पुरली नाही की तिला जोड दिला जातो. जोडावर सायकलच्या ट्यूबची पट्टी, पट्टीवर खताच्या गोणीचे प्लास्टिक, आणि तो पाण्याच्या वर राहावा म्हणून बुडालेल्या बाभळीच्या फांदीचा आधार. मासाही त्याच बाभळींत असतो आणि जाळेही तिथेच पडते. मला हे समजले त्या दिवसापासून मी त्या पाण्याकडे पूर्वीसारखा पाहू शकलो नाही.

नानांना ते म्हशीने शिकवले होते. एका दुपारी भानुदासची म्हैस नेहमीप्रमाणे डुंबायला पाण्यात शिरली. भानुदास म्हणजे काठावरचा कांदेवाला शेतकरी. त्याची मोटार तिथेच होती. म्हैस गुडघाभर पाण्यात गेली आणि थांबली. तिच्या अंगावरून एक थरकाप गेला. मग ती पुढच्या गुडघ्यांवर बसली आणि कलंडली. तिच्याभोवती पांढऱ्या पोटांचे मासे वर येऊ लागले. काठावरच्या लोकांना म्हैस दिसण्याआधी मासे दिसले. कोणी पाटी घेतली, कोणी धोतराचा सोगा पसरला. मी बांधावर उभा होतो. नाना थापी उगारून लोकांच्या आणि पाण्याच्या मध्ये उभे राहिले.

"नाना, येडं झाला काय? फुकटचा मासा हाय."

"फुकटचं मरान बी हाय. माघारी व्हा. म्हागं सर म्हन्तो ना तुला."

एकाच्या नडगीवर त्यांनी थापी खरोखर हाणली. शिव्या दिल्या, शिव्या खाल्ल्या. पण कोणी जाऊन डीपीवरून लाईट तोडीपर्यंत त्यांनी एकालाही पाण्यात पाऊल घालू दिले नाही. नंतर पारावर ठरले की नानांनी उगाच बोभाटा केला. त्या संध्याकाळी ते माझ्या ओट्यावर येऊन बसले. मग म्हणाले, "म्हस वरडली न्हाई साहेब. नुसती हुबी ऱ्हायली. मला वाटलं, तिला कायतरी आठवलंय."

त्यानंतर त्यांनी एक रीत सुरू केली, जी या जिल्ह्यात इतरत्र कोठे असेल असे मला वाटत नाही. जाळे काढायला उतरण्यापूर्वी ते काठावरच्या प्रत्येक मोटारीच्या पेटीपाशी जात, मालकासमोर मेन स्विचमधले चिनी मातीचे पांढरे फ्यूज काढून घेत, एका खादीच्या पिशवीत भरीत आणि ती पिशवी गळ्यात बांधून पाण्यावर जात. परत आल्यावर ज्याचे फ्यूज त्याला, आणि पेटीमागे एक चिलापी. या माशाला काठावर "फ्यूजचा मासा" असे नावही पडले होते. शेतकऱ्यांना तो आवडे. खोळंबा आवडत नसे.

"आले बघा बोर्डाचे सायेब," भानुदास म्हणे. "काय नाना, आज कुनाकुनाच्या घरी अंधार?"

"तुज्या मोटारीचा अंधार परवडंल बाबा. माज्या घरात नगं."

नानांचा मुलगा शिर्डीला एका हॉटेलात कामाला होता आणि महिन्यातून एकदा येई. घरात नाना आणि सून सिंधू. काठावर उभे राहून तराफ्याची दोरी धरायचे काम सिंधूचे; मासे काष्टीच्या बाजारात नेऊन विकायचे कामही तिचेच. सासऱ्याच्या गळ्यातली खुळखुळणारी पिशवी पाहून ती म्हणे, "मामा, डोरलं घालून निगाले बघा पुन्हा." नाना हसत, पण पिशवीची गाठ पुन्हा एकदा तपासत. तिला मात्र ते गुडघ्याच्या वर पाण्यात येऊ देत नसत. "तू दोरी धर. दोरी वडायचं कळतं तुला, तेवढं लई हाय."

अर्जाचा दिवस मला जसाच्या तसा आठवतो. दसरा नुकताच झाला होता. पाणी सरायला लागले होते आणि केबली पुढे निघाल्या होत्या. नाना ओट्यावर आले, फाटकाला हाताची पाठ लावून, आणि म्हणाले, "साहेब, केबली खांबावर घ्या म्हनून लिवा. माज्या नावानं."

मी मायना लिहिला आणि मजकूर विचारला.

"लिवा, मी भितो."

मी म्हणालो, "नाना, अर्जात असे चालत नाही. 'जीवितास धोका संभवतो' असे लिहू."

"धोका त्यास्नी कुटं दिसतोय? गेल्या साली बी तुमी त्येच लिवलं. कुनी आलं का?" त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले. "मी भितो, ह्ये दिसतंय. मी हितं बसलोय आन माजं हात थरथरत्यात. ह्ये लिवा."

मी दोन्ही लिहिले. कनिष्ठ अभियंत्यांनी वसुबारसेला येतो असे कळवले. त्या दिवशी नानांनी धुतलेला सदरा घातला आणि दिवसभर काठावर उभे राहिले. दिवेलागणीला ते घरी गेले. त्यांनी तक्रार केली नाही. "सणाचा दिस हाय," एवढेच म्हणाले.

मग पौर्णिमेला भोंगा वाजला. आवर्तनाचे पाणी कालव्याच्या शेवटच्या चारीपर्यंत पोहोचावे म्हणून तलावातून थेट उपसा करण्यास मनाई होते, हे दरवर्षीचेच आहे. त्यावर्षी भर म्हणून पेट्यांना कापड गुंडाळून लाखेची मोहोर लावण्यात आली. मोहोर फोडणाऱ्यावर गुन्हा दाखल होईल, असे मोहोर लावणाऱ्याने प्रत्येक पेटीपाशी मोठ्याने सांगितले. नाना ते ऐकत उभे होते.

आयुष्यभर ते दोन गोष्टींना भ्याले : विजेला आणि सरकारी लाखेला. त्यांच्या वडिलांना कोण्या एका जमान्यात सील केलेल्या कुलपाला हात लावल्याबद्दल चावडीवर बसवून ठेवले होते. ती हकीकत ते स्वतःवर घडल्यासारखी सांगत. मोहोरेच्या आत फ्यूज होते, आणि ते त्यांना काढता येईनात. दोन दिवस ते पाण्यावर गेलेच नाहीत. परंतु पाणी उतरत होते, मासा घळीत दाटत होता, वर्षातली सर्वांत चांगली कमाई याच दिवसांची असते, आणि जाळे आधीच पाण्यात होते. तिसऱ्या दिवशी जाळ्यातला मासा कुजू लागतो.

भानुदासचे कांदे वाळत होते. त्याची बाजू मी येथे लिहितो, कारण ती खरी आहे आणि कारण बाकीच्यांना बाजूच नाही. त्याने मोहोर फोडली नाही. त्याने पेटीला वळसा घातला. खांबावरच्या तारेवर आकडे टाकले आणि केबल थेट जोडली. मोटार रात्रभर चालली. पाणी आणखी सरले, मोटार कोरडी पडली, जळाली आणि पहाटे गप्प झाली. केबल मात्र जिवंत राहिली. तिचा एक जोड बाभळीच्या फांदीवरून निसटून नानांच्या जाळ्यावर पडला होता.

नानांनी त्या सकाळी जे जे तपासायचे ते तपासले. धुक्यात उभे राहून कान दिला. एकही मोटार चालू नव्हती. प्रत्येक पेटीवरची मोहोर शाबूत होती. तिला त्यांनी हात लावला नाही, फक्त वाकून पाहिली. भोंग्यावर सांगितलेले त्यांना पाठ होते. काठाच्या पाण्याला त्यांनी हाताची पाठ लावली. काठाशी काही नव्हते. मग ते तराफ्यावर बसून घळीकडे गेले आणि जाळ्याला हात घातला. जाळे पालथ्या हाताने ओढता येत नाही.

मी बांधावरून पाहत होतो. आवाज झाला नाही. तराफा एका बाजूने उचलला गेला आणि नाना जाळ्यावर वाकले ते तसेच राहिले. सिंधूच्या हातातली दोरी सैल पडली. ती "मामा" म्हणाली, प्रश्न विचारावा तशी, आणि पाण्याकडे धावली. पंपाजवळून भानुदास पळत आला. काय झाले ते त्याला कळले होते. त्याने तिला कमरेला धरले. ती त्याच्या हाताला चावली, तरी त्याने सोडले नाही. मी तिचा दुसरा दंड धरला. लोक गोळा झाले. कोणीही पाण्यात उतरले नाही. उतरू नये हे त्यांना नानांनीच थापी मारून शिकवले होते. एक जण डीपीकडे धावत गेला. तो परत येईपर्यंत आम्ही सगळे त्या शांत, नितळ पाण्याच्या काठावर एकमेकांना धरून उभे होतो, आणि नाना आमच्या डोळ्यांसमोर होते. इतकी भीती मला आयुष्यात वाटली नाही. ती अजून उतरलेली नाही.

गुन्हा एकट्या भानुदासवर दाखल झाला. अनधिकृत जोडणी, निष्काळजीपणा. तो जामिनावर आहे आणि मान वर करून चालत नाही. अधिकाऱ्यांनी लेखी म्हणणे दिले : शेतकऱ्याने बेकायदेशीरपणे वीज घेतली, कार्यालयाचा संबंध नाही, तलावाचा पुरवठा आदेशाप्रमाणे बंद होता.

मी आयुष्यभर न्यायालयातले कागद हाताळले आहेत, आणि परस्परविरुद्ध विधाने एकाच सहीखाली मी पुष्कळ पाहिली आहेत. तरीही हे वाक्य मी अनेकदा वाचले. पुरवठा बंद असेल, तर खांबावर आकडे टाकून काही मिळत नाही. मिळाले असेल, तर पुरवठा बंद नव्हता. नाना बंद तारेने मरू शकत नाहीत. मी हे विचारणारी पत्रे उपकेंद्राला, पाटबंधारे शाखेला, तहसीलला आणि नगरला पाठवली. पोचपावत्या आल्या. उत्तर आले नाही.

यंदाही त्रिपुरी पौर्णिमा होऊन गेली. भोंगा वाजला. पेट्यांना नवी लाख लागली. केबली बाभळींवरच आहेत. नवऱ्याच्या हॉटेलातल्या पगारात भागत नाही म्हणून आता तराफ्यावर सिंधू बसते. आज सायंकाळी तिने घळीच्या कडेने जाळे सोडले. मी तिला जाऊ नकोस म्हणालो. ती म्हणाली, "मग काय करू, काका? मासा पान्यातच असतो." मी आता पहाटे उठून बांधावर जातो आणि ती काठाला लागेपर्यंत तिथेच उभा राहतो. माझ्या उभे राहण्याचा तिला काडीचाही उपयोग नाही.

नानांना मी अखेरचे पाहिले ते तराफा काठापासून सुटला तेव्हा. मागाहून मी पाहिले ते नाना नव्हते असे मी मानतो. धुके पाण्यावरून वर उचलले जात होते आणि ऊन नुकतेच पलीकडच्या टेकाडावर आले होते. त्यांनी बांधावर मला पाहिले, थापी मारायची थांबवली आणि कानटोपी काढून मांडीवर ठेवली. भर थंडीत त्यांचे उघडे डोके मी प्रथमच पाहत होतो.

"साहेब," त्यांनी हाक दिली, "समद्या गप हायेत आज. लई बरं वाटतंय."

मग ते पाठ ताठ करून घळीच्या दिशेने गेले. ज्या माणसाला मी कधी निर्भय पाहिले नव्हते, त्याला तुम्ही एका घोषणेने आणि थोड्या लाखेने निर्भय केलेत.

माझ्या पत्रांची उत्तरे मला आता नकोत. वीज उपकेंद्राचे कनिष्ठ अभियंता आणि पाटबंधाऱ्यांचे शाखाधिकारी, या दोघांनी किंवा दोघांपैकी ज्याला तोंड आहे त्याने, आमच्या ग्रामसभेत उभे राहावे, आपले नाव सांगावे आणि सिंधूकडे पाहून दोन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. पुरवठा बंद होता, तर त्या सकाळी जाळ्यात वीज कोणाची होती? आणि आज बंद आहे म्हणता, तो कोणी बंद केला, कोणी पाहिला? उद्या सकाळी ती पाण्यात उतरणार आहे. त्याआधी सांगा.